पंचशीलाची राजदूत

केरबा सोनकांबळेची बायको राजदूत चालवते, असं रेणापूरच्या बाजारात पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं तेव्हा लोक हसले होते. ते हसू फार टिकलं नाही, कारण पुढच्याच बाजारी ती स्वतः फटफट करत आली. पांढऱ्या साडीला घट्ट कासोटा, मागच्या सीटवर लशीचा डबा दोरीनं आवळलेला, डोळ्यांवर नवऱ्याचा जुना गॉगल. रिकाम्या घागरी घेऊन कडेनं चाललेल्या बाया थांबून बघत राहिल्या. तिनं गाडी लावली, दोन मेथीच्या वाळक्या जुड्या घेतल्या, किक मारली आणि गेली.

पंचशीला जन्मली कंधारजवळच्या एका खेड्यात, धर्मांतरानंतर दुसऱ्या वर्षी. त्या गावातली ती पहिली पंचशीला. आजीच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून आजी शेवटपर्यंत तिला पंचूच म्हणत राहिली. बाप सालगडी होता, पण पोरीला शिकवायची हे त्यानं तिच्या बारशालाच जाहीर करून टाकलं होतं, आणि ते खरंही केलं. नांदेडला नर्सचं शिक्षण झालं. तिथंच एका गॅरेजात केरबा हाताखाली काम करत होता. सोयरिकीतल्या माणसांनी गाठ घालून दिली. लग्नात केरबाकडं स्वतःचं असं एकच होतं, एक राजदूत मोटारसायकल. तीही धड विकत घेतलेली नव्हे. इंजिन एका भंगारातलं, टाकी दुसऱ्यातली, चाकं तिसऱ्यातली. दोन वर्षं सवड मिळेल तशी त्यानं ती जोडली होती. तिच्यावरूनच नवरा-नवरी विहाराला जाऊन आले.

पुढं पंचशीलाला रेणापूरच्या बाजूला उपकेंद्रावर नेमणूक मिळाली. केरबा आई नागुबाईला घेऊन तिच्यामागं आला आणि पंचक्रोशीतली इंजिनं, पंप, गाड्या दुरुस्त करायला लागला. हाताला यश होतं. लोक त्याला मिस्त्री म्हणायचे.

मग एका गुऱ्हाळाचं इंजिन बघायला तो गेला. चालू इंजिनाच्या पट्ट्यात सदऱ्याची बाही सापडली. कोपराखाली उजवा हात गेला.

दवाखान्यातून आल्यावर केरबा भिंतीकडं तोंड करून पडून राहू लागला. गाडीवर पोती टाकून ठेवली होती, ती कुणी काढलीच नाहीत. जेवताना डाव्या हातानं घास सांडला की तो ताट सरकवून द्यायचा. नागुबाई एकदा म्हणाली, "पंचशीला, ती गाडी इकून टाक. बघितलं की त्याच्या काळजात कालवतंय."

"न्हाई मामी," पंचशीला म्हणाली, "गाडी न्हाई इकायची."

त्या सुमाराला लातूर जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नव्या कचेऱ्यांच्या पाट्यांना रंगाचा वास होता. आधी मिटिंगला उस्मानाबाद गाठायचं तर जाऊन-येऊन अख्खा दिवस मोडायचा, आता लातूर हाताशी आलं होतं. पण जिल्हा जवळ आला आणि पाऊस लांब गेला. सलग दुसरं साल कोरडं चाललं होतं. आड आटले, लोक डबक्यातलं पाणी फडक्यानं गाळून पिऊ लागले आणि हगवण-उलटीची साथ गावोगाव फिरू लागली. पंचशीलाकडं सात-आठ वाड्या होत्या. एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पुढं पायी. ती पोचेपर्यंत कधीकधी माणूस हातचं गेलेलं असायचं. अशी एक बाळंतीण गेली, त्या दिवशी पंचशीला घरी आली, चपला न काढता केरबाच्या खाटेपाशी उभी राहिली.

"मला गाडी शिकवा."

केरबाला वाटलं चेष्टा करतीय. त्यानं मान वळवून बघितलं. चेहऱ्यावर धूळ होती आणि धुळीतून दोन ओघळ खाली आले होते.

"किक तरी बसंल का तुला?"

"बसंल का न्हाई ते मारल्यावर कळंल."

गावाबाहेर पाझर तलाव होता, बाहत्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधलेला. तो ठणठणीत कोरडा पडला होता. भेगाळलेलं सपाट रान, ना झाड ना माणूस. केरबा मागं बसायचा, डावा हात तिच्या खांद्यावर ठेवायचा आणि कानाशी सांगायचा, "क्लच सोड, हळू. आता गेर. इंजिनाचं ऐक, ते सोता सांगतंय." पहिल्या दिवशी किकनं तिच्या नडगीवर असा उलटा फटका दिला की ती खालीच बसली. तिसऱ्या दिवशी सायलेन्सरला पोटरी लागून फोड आला. पाचव्या-सहाव्या दिवशी ती एकटी तलावाला वळसा घालून आली, तेव्हा केरबा बांधावर उभा होता. हाताच्या थोटकावरचं फडकं वाऱ्यानं सुटलं होतं, त्याच्या ध्यानातही नव्हतं. अपघातानंतर पहिल्यांदाच तो हसला.

गावातल्या दोन-चार जाणत्यांनी नागुबाईला पारावर गाठून विचारलंच, "सून मोटारसायकलीवर टांग टाकून बसतीय, बरं दिसतंय का?"

"मंग तुमी नेता का तिला पाठीवर बसवून?" नागुबाईनं विचारलं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

वैशाखात गाडीनं कुरकुर सुरू केली. चढाला जोर दिला की चेन कट्कट् उड्या मारायची. केरबानं तिच्याकडून चेनीच्या बाजूचं झाकण काढून घेतलं आणि डाव्या अंगठ्यानं पुढच्या सॉकेटचे दाते चाचपले. पुढचं सॉकेट म्हणजे इंजिनाच्या दांड्यावरचं लहान दातेरी चक्र. तेच चेनीला ओढतं, चेन मागच्या चाकाला.

"दाते बग, आकड्यावानी वाकडे झालेत. बदलावं लागंल. लातूरला मिटिंग हाय ना? सॉकेट आन, चेन आन. आन कानाचा वॉशर इसरू नको, नवाच आन."

तिनं तिन्ही आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात पोतं अंथरून काम सुरू झालं. केरबानं पाने, हातोडा, छन्नी ओळीनं मांडली. नवा वॉशर तेलाच्या वाटीत बुडवून ठेवला. तो सांगायचा, ती करायची. जुन्या वॉशरचा मोडलेला कान तिनं छन्नीनं उठवून सपाट केला. गाडी गेरमध्ये टाकली, नागुबाईला मागचा ब्रेक दाबून धरायला लावला आणि पान्यावर पाय देऊन नट सोडवला. नागुबाई ब्रेक दाबताना डोळे गच्च मिटून बसली होती, जणू गाडी पळतच आहे.

"हा जुना वॉशर टाकून दे," केरबा म्हणाला. "एकदा मोडून उलगडलेला कान पुना मोडला की तुटतो. आन ऐक. नट कितीबी आवळ, चेन त्याला घडीघडी हिसका देतीय. हिसक्या-हिसक्यानं नट फिरत जातो. म्हनून नटाच्या खाली वॉशर, आन वॉशरचा कान नटाच्या चपट्या अंगावर ठोकून बसवायचा. मंग त्यो कुठं जातो?"

एवढ्यात वेशीकडून टँकरचा भोंगा वाजला. टँकर एकदा चुकला तर परवापर्यंत घोटभर पाणी मिळायचं नाही. केरबानं खांद्यावर घागर घेतली, नागुबाईनं दोन हंडे घेतले. "बसव तू, मी आलोच," म्हणून तो गेला.

रांग मोठी होती, भांडणं झाली, पाइपाला फाटलेल्या ट्यूबचं ठिगळ होतं तेही निघालं. केरबा खांद्यावर घागर सांभाळत परत आला तेव्हा अंगणात गाडी नव्हती. शेजारची बाई दारातून म्हणाली, "खडकवाडीचा ग्यानोबा सायकलीवर आलता. तिकडं हगवण लागलीय, लई मान्सं पडल्यात म्हनला. नर्सबाई तशीच गेली."

केरबानं घागर उतरवली. पोत्यावर जुनं सॉकेट पडलं होतं, जुनी चेन पडली होती. छन्नी आणि हातोडा जुना कान उठवून झाल्यावर ठेवले होते तसेच. त्यानं वाटीत बघितलं. तेलाच्या तळाशी नवा वॉशर तसाच होता.

 नट तिनं पायानं आवळला असेल, घट्टच असेल. पण खडकवाडीचा रस्ता म्हणजे चढउतार आणि खडी. हिसक्यानं नट सुटत जाणार. सॉकेट दांड्यावरून निसटणार. चेन सुटून मागच्या चाकात गुंतली की चाक जागीच बांधलं जाणार. पुढचं त्याला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि ते त्याला बघायचं नव्हतं. यंत्र माणसाला कसं धरतं हे त्याला चांगलं माहीत होतं.

त्यानं वॉशर खिशात टाकला. मोठा पाना, छन्नी, हातोडा पिशवीत भरून पिशवी दातांनी आवळून खांद्याला अडकवली आणि तो वेशीकडं पळत सुटला. रिकामा टँकर नुकताच वळत होता. ड्रायव्हर मल्लिकार्जुन उदगीरकडचा, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावचा. टँकरसमोर हात आडवा करून उभा राहिलेला मिस्त्री बघून त्यानं ब्रेक मारला.

"एन आयतु मिस्त्री, काय झालं? मरायचंय का?"

"खडकवाडीच्या रोडला सोड मला. बायकोच्या गाडीचा नट सुटनार हाय."

"सुटनार? अजून सुटला न्हाई?"

"तू चल, वाटंत सांगतो!"

मल्लिकार्जुननं दार उघडलं. टँकर खडखडत निघाला. केरबा काचेला नाक लावून रस्त्याच्या दोन्ही कडा बघत होता. प्रत्येक वळणाला त्याला पांढरी साडी पडलेली दिसायची आणि जवळ गेल्यावर तो चुन्याचा दगड निघायचा. 

खडकवाडीच्या अलीकडच्या चढावर, एका बाभळीखाली गाडी दिसली. स्टँडवर सरळ उभी होती.

केरबा टँकर थांबायच्या आत उतरला. गाडीवर ओरखडा नव्हता. चेनीच्या बाजूचं झाकण काढून सीटवर उताणं ठेवलं होतं, झाकणाचे स्क्रू त्यातच, आणि त्यांच्याशेजारी सुटलेला नट. झाकणानं तो आतल्या आत झेलून धरला होता. सॉकेट दांड्याच्या अगदी टोकाला आलं होतं, अजून थोडं अंतर गेली असती तर निसटलंच असतं. उघड्या जागेत धूळ जाऊ नये म्हणून तिनं हातरुमाल नीट खोचला होता. लशीचा डबा आणि औषधाची पिशवी मात्र नव्हती. मऊ धुळीत चपलांचे ठसे गावाकडं गेले होते, लांब लांब पडलेले.

केरबा तिथंच जमिनीवर बसला. 

मल्लिकार्जुननं वाकून सगळं बघितलं. "आवाजावरून वळखलं असंल तिनं," तो म्हणाला. "आमच्यात निम्म्या ड्रायव्हरांस्नी चाक निखळून पुढं पळालं तरी कळत न्हाई."

मग केरबाला गावातली साथ आठवली. त्यानं मल्लिकार्जुनला सांगितलं की खडकवाडीच्या आडातलंच पाणी नासलं असणार, दुसरं चांगलं पाणी गावात नाही. मल्लिकार्जुननं डोकं खाजवलं. पुढची खेप दुसऱ्या गावची ठरलेली होती. "वरडतील ते," तो म्हणाला, "वरडू द्या. भरून हिकडंच आनतो." आणि टँकर वळवून धुरळा उडवत गेला.

केरबा चढ चढून गावात पोचला. देवळासमोरच्या मंडपात बाजा आणून टाकल्या होत्या, काही माणसं भुईवरच होती. पंचशीला मधोमध उकिडवी बसून एका पोराला चमच्याचमच्यानं पाणी पाजत होती. दंडापर्यंत काळं वंगण तसंच होतं, फक्त बोटं आणि तळवे घासून लाल केलेले. पावलं वाजली तसं तिनं वर न बघताच विचारलं, "वॉशर आनला का?"

केरबानं खिसा चाचपला. "हाव," तो म्हणाला.

"गाडी वाजायला लागली. तुमी म्हनला व्हता ना, इंजिन सोता सांगतंय. इंजिनाचा आवाज चांगला व्हता, त्याच्या बगलंतून दुसराच खुळखुळ आवाज. उतरून गाडीतल्या पेचकसानं झाकन काढलं तवा ध्यानात आलं. वाटी डोळ्यांपुढं उभी राह्यली, आन पानाबी घरीच." आता तिनं वर बघितलं. "बसा न्हाई तर कामाला लागा. ती मीठ-साखरेची पाकिटं फोडून पान्यात कालवा. उकळून गार केलेलं पानी त्या पातेल्यात हाय."

केरबा कामाला लागला. पाकीट दातांनी फाडायचं, पातेल्यात ओतायचं, डाव्या हातानं ढवळायचं, तांब्या घेऊन बाजेबाजेशी जायचं. एक म्हातारा बाबा ती पोचायच्या आधीच गेला होता, त्याच्या अंगावर धोतर पांघरलं होतं. बाकीच्यांत धुगधुगी होती.

मंडपाच्या कडेला पार्वतीबाई उभी होती. गावातल्या मोठ्या जमीनवाल्या घरातली, साठीच्या पुढची. नातू मंडपात आणायला तिनं आधी नाही म्हटलं होतं. तिच्या घरी सोनकांबळ्यांच्या हातचं पाणी आजवर कुणी प्यालं नव्हतं, आणि ही गोष्ट गावात कुणाला समजावून सांगायची गरजही नव्हती. नातवाचे डोळे खोल गेले तसं तिनंच त्याला उचलून आणलं. पंचशीलानं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच खाली बसेना. तिनं मांडी घातली, पोर मांडीवर घेतलं आणि चमचा लावला. पार्वतीबाई बघत होती. दुपार कलली तेव्हा पोरानं डोळे उघडून आजीला हाक मारली. पार्वतीबाईनं पदरानं तोंड झाकलं. थोड्या वेळानं ती केरबापाशी आली, तांब्याकडं बोट दाखवून म्हणाली, "मलाबी पोटात कसनुसं व्हऊन राह्यलंय. दे वाइच." केरबानं तांब्या दिला. तिनं तो तोंडाला लावून रिकामा केला.

दिवस मावळायच्या आत मल्लिकार्जुनचा टँकर आला. पंचशीलानं आधी त्याच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली, मगच नळ सोडू दिला. आडावर काट्या टाकून तो बंद केला.

ती दोघं रात्री गावातच राहिली. सकाळी सगळ्यांची नाडी बघून झाल्यावर उतार उतरून बाभळीपाशी आली. पंचशीलानं रुमाल काढला, सॉकेट आत ढकलून बसवलं, त्याच्यावर वॉशर घातला, मग नट. केरबा गाडीवर बसून मागचा ब्रेक दाबून राहिला, तिनं पान्यावर पाय देऊन नट आवळला. आता राहिला होता कान मोडायचा. तिनं एका हातात छन्नी घेतली, दुसऱ्यात हातोडा. जागा अडचणीची होती. छन्नी सारखी घसरू लागली, दोन घाव वाया गेले.

केरबा गाडीवरून उतरला आणि तिच्याशेजारी गुडघ्यावर बसला. डावा हात पुढं करून त्यानं छन्नी मागितली. अपघातानंतर त्यानं कामासाठी हत्यार हातात घेतलं नव्हतं.

"मी धरतो. तू हाण."

पंचशीला हातोडा उचलून थांबली. "हातावर बसला तर?"

"एकच हाय. नीट हाण."

तिला हसू फुटलं, त्यालाही. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. मग तिनं हातोडा उचलला. छन्नी हलली नाही. पहिल्या घावाला कान उठला, दुसऱ्याला वाकला, तिसऱ्याला नटाच्या चपट्या अंगाला जाऊन चिकटला. केरबानं अंगठ्याचं नख फटीत घालून बघितलं. नख आत जात नव्हतं.

खडकवाडीत त्या साथीत पुढं कुणी गेलं नाही. पंचशीलाचं नाव त्यानंतर त्या बाजूला घरोघर झालं, पण तिला स्वतःला त्या म्हाताऱ्या बाबाचंच वाईट वाटत राहिलं. ती केरबाला म्हणायची, मोटारसायकल उभी करून पायी जाण्यात जो वेळ गेला, त्यात तो गेला. केरबा सांगायचा, अगं तो तू निघायच्या आधीच गेला होता, ग्यानोबानंच सांगितलंय. तिला ते पटायचं आणि तरी ती पुन्हा म्हणायची.

केरबानं अंगणात छपरी टाकली. लाकडाच्या ओंडक्याला शिकंजा बसवला, जे दुसऱ्या हातानं धरायचं ते शिकंज्यात धरू लागला. बारीक कामाला वेळ लागायचा, लोक थांबायचे. पंचशीला फेरीवरून आली की जे त्याला एकट्याला जमण्यासारखं नसे ते दोघं मिळून करत, मधे बोलणं कमीच. आजूबाजूच्या उपकेंद्रांवरच्या दोन नर्सबाया तिच्याकडं गाडी शिकायला आल्या. एक शिकली. दुसरीच्या नवऱ्यानं नाही म्हटलं, तेव्हा पंचशीला त्याच्या घरी जाऊन दोन तास बसली आणि चहा पिऊन परत आली. पुढच्या आठवड्यात नवराच बायकोला घेऊन आला.

काही वर्षांनी तिची बदली मुखेडला झाली. निघायच्या दिवशी खडकवाडीहून बैलगाडी भरून माणसं आली होती. पार्वतीबाईनं शेंगा आणि नवी ज्वारी आणली. मल्लिकार्जुननं ओळखीचा ट्रक मिळवून दिला, त्यात भांडी, खाट, शिकंज्याचा ओंडका चढला. नागुबाई ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसली आणि त्याला हळू चालवायला सांगू लागली. कुणीतरी म्हणालं, राजदूतही ट्रकातच चढवा, लांबचा रस्ता आहे.

"कामून?" पंचशीला म्हणाली. तिनं कासोटा सारखा केला, गॉगल लावला, पहिल्याच किकला गाडी चालू केली. केरबा मागं बसला आणि त्यानं डावा हात तिच्या खांद्यावर ठेवला. ट्रकवर अजून दोऱ्या आवळणं चाललं होतं तोवर ती दोघं वेशीच्या बाहेर पडली होती.